राजवाड्याचं निष्क्रिय खातं

आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरना परवा एकदम राजघराण्यांचा पुळका आला. फलटणच्या राजवाड्यात सिनेमांचं शूटिंग होतं, हे त्यांनी कुठंसं वाचलं आणि नोटा मोजता मोजता ते कळवळले, "काय दिवस आले हो! राजाच्या घरात पैसे घेऊन तमाशे!" त्या भरात एक नोट दोनदा मोजली गेली, ते सोडा.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनं साताऱ्याचा. तेव्हा भडंग आणि कंदी पेढे, दोन्हींना जागून सांगतो, की साहेब साफ चुकताहेत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते कुठं? चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं, सांगलीच्या राजवाड्यात! म्हणजे मराठी नाटकाचं बाळंतपणच राजाच्या घरी झालं. आता त्याच लेकराला आजोळी यायची बंदी?

साताऱ्याचा प्रतापसिंह महाराजांचा जुना राजवाडा घ्या. तिथं कोर्ट भरलं, शाळा भरली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव त्याच शाळेच्या रजिस्टरात चढलं. माणसांची ये-जा होती तोवर वाड्यात जीव होता. पुढं कोर्ट हललं. पक्षकार गेले, कबुतरं आली. आणि ती तारीख पडायची वाट बघत नाहीत.

बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. वाड्याचंही तेच. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. गळती काही बंद झाली नाही. वाळवीला वंशावळ दाखवून भागत नाही, औषध मारावं लागतं आणि त्याला रोकड लागते. मग मालकानं चौकात गाण्याची बैठक ठेवली, नाटक लावलं, तिकीट घेतलं, तर अब्रू कसली जाते? कुलूप घालून छप्पर बसू देण्यात कसली आलीय खानदानी?

मालकांनाही मात्र एक विनंती अर्ज. वाड्याचं निव्वळ मंगल कार्यालय करू नका. जुन्या भिंतींना डीजेचा दणका सोसत नाही. आलेल्या पैशातला वाटा आधी कौलांवर घाला. आणि मागची रांग कारकुनाच्या खिशाला झेपेल अशी ठेवा. पूर्वी राजानं बोलावलं तरच आत जाता यायचं. आता तिकीट काढून जाता येतं. लोकशाही म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

हेडकॅशियरना हे काही पटलं नाही. मात्र संध्याकाळी कॅश बंद करताना त्यांनी हळूच विचारलं, "पास मिळतो का हो?"