स्वस्त घर, वादग्रस्त मालकी

भूमध्य समुद्राकाठी कमी खर्चात सुट्टीतले घर घेण्यासाठी अनेक ब्रिटिश कुटुंबांनी उत्तर सायप्रसची निवड केली. मात्र या स्वस्ताईमागे बेटाचा रक्तरंजित इतिहास आहे. १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरले, बेट दुभंगले आणि उत्तरेतील बहुसंख्य ग्रीक सायप्रियॉटांना घरेदारे सोडून दक्षिणेत जावे लागले. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली; त्याला आजही एकट्या तुर्कस्तानची मान्यता आहे. निर्वासितांच्या जमिनी तेथील प्रशासनाने इतरांना वाटल्या आणि पुढे त्यांवर बंगले उभे राहिले.

लापिथोस येथील अशाच जमिनीवर बंगला बांधणाऱ्या ब्रिटिश दाम्पत्याला २००४ मध्ये निकोशियाच्या न्यायालयाने बांधकाम पाडून जमीन मूळ मालकास परत करण्याचा आदेश दिला. उत्तरेत त्याची अंमलबजावणी शक्य नव्हती. परंतु २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने, तर २०१० मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने हा निकाल ब्रिटनमध्येही लागू होतो, असा निर्वाळा दिला. परिणामी मायदेशातील मालमत्तेवरही टाच येण्याची वेळ आली.

ब्रेक्झिटनंतर ब्रिटनपुरती ही कायदेशीर वाट बदलली असली, तरी धोका टळलेला नाही. अशा मालमत्तांच्या विक्रीप्रकरणी सायप्रसच्या न्यायालयाने २०२५ मध्ये परदेशी नागरिकांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहिले जाते. परदेशात त्याही पुढे जाऊन तो उतारा देणाऱ्या सरकारला जग मानते का, हे तपासणे अगत्याचे ठरते.