चामडें शिवण्याचें यंत्र : कोणतें घ्यावें, व कोणाचें असावें?

चांभारानें मोट, आसूड व वहाणा द्याव्या आणि शेतकऱ्यानें खळ्यावर त्याचें बलुतें मोजावें, असा गांवगाड्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. विहिरीवर पंप बसला, मोट अडगळींत गेली व तिच्याबरोबर बलुतेंही गेलें. आज वसई-विरारकडे या धंद्यांतील कोणी स्टेशनाबाहेर पेटी मांडून बसतो, तर कोणी गाळ्यांत दुसऱ्याच्या यंत्रावर नगावारी पट्टे व पिशव्या शिवतो. अशा घरांत चार पैसे जमले कीं पहिला विचार यंत्राचा येतो. दुकानदार तर जें पडून असेल तेंच उत्तम म्हणून गळ्यांत मारतो. म्हणून आम्ही या विषयावर उघड लिहीत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, शिंप्याचें यंत्र चामड्याच्या धंद्याला पुरत नाहीं. त्यांत खालचे दाते तेवढे माल पुढें ढकलतात. चामडें वरच्या पायाला चिकटतें, वरचा थर मागें राहतो व टांके लहानमोठे पडतात. कापड उसवून पुन्हां शिवतां येतें. चामड्याला पडलेलें भोंक बुजत नाहीं. ‘हेवी ड्यूटी’ अशी चिठ्ठी चिकटविल्यानें हा दोष जात नाहीं.

चामड्याचें खरें यंत्र तें, ज्यांत सुई, खालचे दाते व वरचा पाय हीं तिन्ही मिळून माल ओढतात. त्यांतही काम पाहून निवड करावी. पट्टे व पाकिटें यांना सपाट पाटाचें यंत्र बरें. पिशवीसारख्या गोल वस्तूस नळीसारख्या हाताचें, म्हणजे सिलिंडर बेडचें, पाहिजे. जोड्याच्या वरच्या भागास उभ्या खांबाचें, म्हणजे पोस्ट बेडचें, लागतें. दुरुस्तीवर पोट असणारानें मात्र हातचाकाचें मोची यंत्र घ्यावें. त्याचा पाय चोहोंकडे फिरतो, तें अरुंद जागीं शिरतें व विजेवांचून चालतें. दिवसाला शेंकडों नग काढण्याचें तें यंत्र नव्हे.

मोटार सर्व्हो जातीची घ्यावी. ती एकेक टांका सावकाश घालूं देते. दोरा जाड तर सुईही जाड. सत्तर टेक्सच्या नायलॉन दोऱ्यास अठरा नंबरची सुई चालते, एकशेंपस्तीसच्या दोऱ्यास बावीसची लागते. सुईचें टोंक चामडें कापणारें असावें. विकत घेतांना दुकानदाराचा तुकडा शिवूं नये. आपलेंच चामडें न्यावें, सर्वांत जाड जोड शिवावा व टांका खालच्या बाजूनें पाहावा.

परंतु बंधूंनो, यंत्र चांगलें असून भागत नाहीं. तें कोणाचें आहे हें आधीं पाहावें. अमेरिकेंत १८५८ सालीं लायमन ब्लेक यानें जोड्याचा तळ शिवणारें यंत्र काढलें. तें मॅके नांवाच्या भांडवलवाल्यानें घेतलें व कारखानदारांना भाड्यानें देऊन जोडामागें पैसा उकळला. पुढें १८८३ सालीं यान मॅट्झेलिगर या काळ्या कारागिरानें जोडा साच्यावर ताणणारें यंत्र केलें. हातानें दिवसाला पन्नास जोड होत, तेथें शेंकडों होऊं लागले. तो १८८९ सालीं क्षयानें वारला. पैशाचे ढीग त्याच्या यंत्रावर कंपनीवाल्यांनीं रचले. बुद्धि कारागिराची, घाम कारागिराचा आणि मालकी तिसऱ्याची, हा प्रकार आमच्याकडेही नवा नाहीं. उचल देऊन यंत्र घरीं बसवून देणारा मुकादम सावकाराचाच धाकटा भाऊ होय. यंत्र त्याचें, तर भावही तोच ठरविणार.

कोणी म्हणतील, हातकामच श्रेष्ठ. तें आम्हांस मान्य आहे. दोन सुयांच्या हातटांक्यांतील एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पण कोल्हापुरी चप्पल हातानेंच होते, तिला २०१९ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. तरी जून २०२५ मध्यें मिलान शहरीं प्राडा कंपनीनें तसलीच चप्पल मिरविली, तेव्हां कोल्हापूरचें नांव ओरड झाल्यावरच निघालें. सारांश, हात असो कीं यंत्र, बाजार ज्याच्या मुठींत तोच लोणी खातो.

तेव्हां उपाय एकीचाच. सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेंत चर्मकाराला अवजारांसाठीं १५,००० रुपये, आणि पांच टक्के व्याजानें आधीं एक लाख व मग दोन लाख कर्ज ठेविलें आहे. पंधरा हजारांत चामड्याचें मोठें यंत्र येत नाहीं. मोची यंत्र तेवढें येतें. म्हणून प्रत्येकानें तें आधीं करावें, आणि चार-पांच घरांनीं मिळून एक मोठें यंत्र सामाईक घ्यावें. वेळ वांटून घ्यावी, हिशेब वहीवर ठेवावा आणि वही सर्वांसमोर, घरच्या बायांसमोरही, वाचावी. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ या धंद्यासाठींच आहे. त्याच्या दारीं एकट्यानें हात जोडून न जातां जमावानें जाऊन आपला हक्क मागावा.

ज्यांनीं चामड्याला हात लावणारास विटाळ मानला, त्यांच्या मृदंगाला चामडें चाललें व खिशांतल्या पाकिटालाही चाललें. चालला नाहीं तो कारागीर. त्याच्या हातांत आतां केवळ आरी-रापी नको, यंत्राची पावतीही त्याच्याच नांवाची पाहिजे.