उभ्या खांबांशी वैर

आमच्या घराचं फाटक दहा फूट रुंद आहे आणि गाडी साडेपाच फूट. उरलेल्या साडेचार फुटांतून बकरी ईदचा बोकडसुद्धा न धडपडता आत येतो. पण आमची मधली लेक गाडी बाहेर काढायला लागली की फाटकाचा डावा खांब नेमका मधे येतो. कन्या शाळेत गणित शिकवते. काटकोन म्हणजे काय ते सातवीच्या पोरांना ती झोपेतही समजावून सांगेल. आमचा खांब मात्र त्या वर्गात बसलेला नसावा.

वाचकहो, गैरसमज नको. लेक सत्तावीस वर्षांची आहे, पक्का परवाना तिच्याकडे आहे, वेगानं ती चालवत नाही, मोबाईल हातात घेत नाही. चालत्या वाहनाला तिनं आजवर एकदाही धक्का लावलेला नाही. तिचं वैर आहे ते उभ्या वस्तूंशी. फाटकाचा खांब दोनदा. शेजारच्यांचा चिऱ्याचा गडगा एकदा. शाळेच्या आवारातलं माडाचं झाड एकदा, वरून दोन नारळ पडले ते वेगळे. एका लग्नात मंडपाचा बांबू. प्रत्येक वेळी तिचं एकच वाक्य, "अब्बा, तो आधी तिथं नव्हता!" माड तिथं चाळीस वर्षांपासून उभा आहे.

तिनं किल्ली उचलली की घरात ज्याची त्याची तयारी सुरू होते. आमच्या अम्मी, म्हणजे तिच्या दादी, पदराच्या गाठीतून सदक्याचे दहा रुपये काढून बाजूला ठेवतात. महिनाअखेरीस पेट्रोल जास्त झालं की सदका, हा वादाचा विषय आहे. बेगम तसबीह घेऊन खिडकीशी बसतात. आम्ही शेजारच्या सीटवर बसलो तर सफरची दुआ घराच्या पायरीवरच सुरू करतो आणि पायाखाली नसलेला ब्रेक संपूर्ण रस्ताभर दाबत राहतो. रत्नागिरीहून पालीपर्यंत जाऊन आलो की आमची उजवी पोटरी दोन दिवस दुखते.

नातेवाइकांना विषय मिळाला नसता तरच नवल. "मुलीला गाडी कशाला द्यायची? आपल्यात कुठं असतं असं?" हे ज्यांनी विचारलं, त्यांना आमच्या मेहुण्यांनी जेद्दाहहून फोनवर ऐकवलं, "आपल्यात म्हणजे नक्की कुठं? इथं जून २०१८ पासून बायका गाड्या चालवतायत. तुमची रत्नागिरी सौदीच्याही पुढं गेली की काय?" तेव्हापासून तो प्रश्न कुणी विचारत नाही. चिरंजीवांनी हीच गाडी आंबा घाटात गटारात घातली होती, तेव्हा सगळे म्हणाले होते, घाटच तसा आहे. लेकीच्या वेळी मात्र खांब निर्दोष ठरतो.

आता पैशाची बाजू. पाच वर्षं एकही दावा न करता आम्ही विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांची सवलत कमावली होती. दावा केला की ती जाते, म्हणून लहानसहान पोचे आम्ही स्वतःच्या खिशातून काढून घेतो. गॅरेजवाला आता आम्हाला चहा पाजतो आणि लेकीची खुशाली जातीनं विचारतो. विम्याच्या कागदांत एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली होती. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा कायदा सक्तीचा करत नाही; आपल्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याचा करतो. तुमचा पोचा तुम्ही बघा, दुसऱ्याचा हक्क बुडता कामा नये. तेव्हा आम्ही हे वाचलं आणि कागद कपाटात ठेवून दिले. समजलं ते पुढं एका रात्री.

एका वलीम्याहून परतत होतो. इशाची नमाज कधीच होऊन गेली होती, बाजार बंद. अम्मींच्या गोळ्या घ्यायला एका गल्लीत थांबलो आणि परत निघताना लेकीनं गाडी मागे घेतली. ओळखीचा आवाज आला. या वेळी उभी होती रिक्षा. तिचा मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. औषधवालासुद्धा शटर ओढत होता, त्याची पाठ आमच्याकडे.

आमच्या तोंडून जे निघालं ते लिहायला आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "चल बेटा, उशीर झालाय. रिक्षाच आहे, जुनीच दिसतेय."

लेकीनं हँडब्रेक ओढला, उतरली, पर्समधून वही काढली. नाव, फोन नंबर आणि "चूक माझी आहे, कृपया फोन करा" असं लिहून कागद रिक्षाच्या हँडलला अडकवला. परत येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "अब्बा, हक्कुल इबाद तुम्हीच शिकवलंत ना? अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, बंद्याचा हक्क बंद्यानंच माफ करायचा असतो. मी लहान असताना तुम्ही हे सांगायचात, तेव्हा मला वाटायचं तुम्हाला सगळं येतं."

घरापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. पायाखालचा ब्रेकसुद्धा दाबला नाही.

सकाळी सात वाजता रिक्षावाले भाऊ दारात. आम्ही भांडणाच्या तयारीनं बाहेर आलो. ते हातात कागद घेऊन हसत होते. म्हणाले, "वीस वर्षं रिक्षा चालवतो. ठोकून पळालेले पुष्कळ बघितले, चिठ्ठी पहिल्यांदाच बघितली." दिवा, पत्रा आणि मजुरी धरून त्यांनी नऊशे रुपये सांगितले. आम्ही पाकीट काढलं, तर लेक म्हणाली, "आणि रिक्षा गॅरेजात असेल त्या दिवसाची कमाई?" हे आम्हाला सुचलं नव्हतं. रिक्षावाल्यांनाही मागायचं सुचलं नव्हतं. लेकीनं आपल्या पगारातून दोन्ही दिले. खांबाचा हिशोब तिला जमत नाही, माणसाचा जमतो.

तो गेल्यावर आम्ही बेगमना एक गोष्ट सांगितली, जी तीस वर्षं सांगितली नव्हती. १९९४ साली, लग्न नवं आणि स्कूटरही नवी असताना, बाजाराच्या वळणावर आमचा धक्का एका मासेवालीच्या पाटीला लागला होता. बांगडे रस्त्यावर पसरले. बाई ओरडत राहिली आणि आम्ही वळणापलीकडे. त्या दिवशी तिच्या घरी काय शिजलं असेल, हा विचार आम्ही इतकी वर्षं जवळ येऊच दिला नाही. आमच्या गाडीला एकही पोचा नाही, असं लेकीला ऐकवत होतो. पोचा होता, फक्त गाडीवर नव्हता.

जुम्म्यानंतर इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आधी शोधा. त्या नसतील तर त्यांचे वारस शोधा. कुणीच सापडलं नाही तर त्यांच्या नावानं सदका करा. पण आधी शोधा." म्हणून गेले तीन रविवार आम्ही मिरकरवाड्यात फिरतोय. "तीस वर्षांपूर्वी कुणाची पाटी सांडली होती का?" असं विचारणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक कसं बघतात, ते तुम्ही डोळ्यांपुढे आणू शकता. एका आजींनी सांगितलं, "पाटी तर सगळ्यांचीच कधी ना कधी सांडलीय, बाबा." पण त्यांनी दोन-तीन नावं सांगितली. पुढच्या रविवारी तिकडे जायचंय.

गाडी लेकच चालवणार आहे. दादींनी दहा रुपये आत्ताच बाजूला काढून ठेवलेत. फाटकाच्या डाव्या खांबाला आम्ही लाल रंग लावून घेतलाय. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवा, अशीच आपल्याला शिकवण आहे. खांब सलामत राहो, लेक सलामत राहो, आणि आमच्या डोक्यावरचं बांगड्यांचं कर्ज फिटल्याशिवाय अल्लाहनं आम्हाला बोलावू नये. आमीन.