मुस्कटदाबी

वरंधसारख्या गावात मळणीला बैल फिरू लागले की त्यांच्या तोंडाला मुसके बांधण्याची रीत. ज्याच्या पायाखाली दाणा सुटतो त्यानेच तो खाऊ नये, एवढा त्या जाळीचा अर्थ. माणसाच्या तोंडात कोंबलेल्या बोळ्याला इंग्रजीत 'गॅग' म्हणतात. मध्ययुगीन इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ गळा घोटणे असा होता. घुसमटणाऱ्याच्या घशातील आवाजावरूनच तो बनला असावा, असे कोशकार मानतात. म्हणजे त्यात ऐकू येतो तो दबलेला माणूस. आपल्या 'मुस्कटदाबी'त दाबणारा हातही दिसतो. आम्हांस मराठी शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनने देशी वृत्तपत्रांवर लादलेला कायदा 'गॅगिंग ॲक्ट' या नावानेच कुप्रसिद्ध झाला. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. देशी भाषेतील पत्राच्या मुद्रकाकडून मात्र जामीन मागायचा, मजकूर खटकला तर छापखाना जप्त करायचा, आणि वर न्यायालयात दाद नाही! 'अमृत बझार पत्रिका' तेव्हा बंगाली टाकून इंग्रजीतून निघू लागली. रिपनच्या कारकीर्दीत तो कायदा रद्द झाला.

त्याहून जुना कायदा रद्द करण्यास मात्र कोणी रिपन आला नाही. द्विजांचे नाव व जात उपमर्दाने उच्चारणाऱ्या शूद्राच्या तोंडात दहा अंगुळांची तापलेली लोखंडी खीळ घालावी, धर्मोपदेश करील त्याच्या तोंडात व कानांत तापलेले तेल ओतावे, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. बोळा तरी काढता येतो. वरंधचा घाट उतरून सावित्रीकाठच्या महाडला गेले की ती पोथी जाळली ते गाव लागते. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेत तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण होते, हे येथे मुद्दाम नोंदवितो. चवदार तळ्यावर जाण्यास न्यायालयाने त्याच महिन्यात तात्पुरती मनाई केली होती. पाणी अडले, परिषद अडली नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यातील 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, चित्रे हे सारे येते. हात नक्षलवाद्यांच्या तोंडावर ठेवायचा आहे, असे सरकारने सांगितले. लिटननेही राजद्रोही लिखाणाचेच नाव घेतले होते. कार्यकर्त्यांनी ती व्याख्या गावोगावच्या बैठकीत शब्दशः वाचून दाखवावी आणि मोर्चाची आपली पत्रके शेजारी ठेवावीत.