सहीच्या अलीकडे आणि पलीकडे

विमानाच्या देखभालीत एक समज पक्का रुजला आहे. ग्राउंड इंजिनिअरने टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीवर, सही केली की विमान वैमानिकाचं. पुढचं त्याने बघावं. वैमानिक हेच दुसऱ्या टोकाकडून म्हणतो: आम्ही स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिला, दुरुस्तीचं उत्तर इंजिनिअरने द्यावं. सही कुणाची हे ठाऊक असेल तरच चूक कुणाची ते कळतं, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण दोषी सापडल्याने विमान सुखरूप उतरत नाही.

१४ ऑगस्ट २००५ रोजी लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं हेलिओस या विमान कंपनीचं बोइंग ७३७ घ्या. आधीच्या फेरीतल्या कर्मचाऱ्यांनी मागच्या दाराची तक्रार नोंदवली होती. इंजिनिअरने दाबाची चाचणी घेतली आणि त्यासाठी केबिनच्या दाबाचा स्विच ‘मॅन्युअल’वर केला. तो तसाच राहिला, असं तपास अहवाल सांगतो. वैमानिकांच्या तपासण्यांतूनही तो निसटला. विमान वर चढत असताना केबिनच्या दाबाचा इशारा देणारा भोंगा वाजला, तो त्यांना भलत्याच बिघाडाचा वाटला. रेडिओवर त्यांना भेटला तो चाचणी घेणाराच इंजिनिअर! दाबाचं पॅनल ‘ऑटो’वर आहे ना, असं त्याने विचारलं. कॅप्टनने उलट सर्किट ब्रेकर कुठे आहेत ते विचारलं. केबिनमध्ये दाब न राहिल्याने प्राणवायू कमी पडून त्याचं भान सुटत चाललं होतं. नेमका प्रश्न नेमक्या माणसाने विचारला, पण तो विमान जमिनीवर असताना विचारला गेला नाही. १२१ माणसं गेली.

म्हणून माझा आग्रह आहे की जबाबदारी सहीपाशी तोडू नये, ती दोन्हीकडे पसरलेली असावी. इंजिनिअरने काय दुरुस्त केलं एवढंच नव्हे, तर कोणत्या स्विचला हात लावला तेही लिहावं. वैमानिकाने ‘आवाज येतो’ एवढ्यावर न थांबता किती उंचीवर, कोणत्या वेगात, कशाच्या पाठोपाठ येतो ते नोंदवावं. आणि दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण करणाऱ्या कॅप्टनने विमान ताब्यात घेण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याशी बोलावं. तो घरी गेला असेल तर फोनवर.

यासाठी वेळ कुठे आहे, असं दोघेही विचारतील. त्यांचं खरं आहे. दोन फेऱ्यांमधली मिनिटं कंपनी ठरवते आणि तिथे बोलणं कधीच मोजलेलं नसतं. म्हणून त्या संभाषणाचा वेळ वेळापत्रकातच धरायला हवा, आणि तो मागताना वैमानिकांच्या व इंजिनिअरांच्या संघटनांनी एकत्र यावं. आजवर त्या एकमेकींकडे बोट दाखवत आल्या, आणि कंपन्यांना ते सोयीचंच पडलं.