मांडीवरचे सूप आणि झोळीतले मूल

तान्ह्या मुलाच्या संगोपनाचा विषय निघाला की आपल्याकडे आहार, लस आणि वजन या तीन गोष्टींचा विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा; परंतु मुलाकडे टक लावून पाहणाऱ्या, त्याच्या हुंकाराला ओ देणाऱ्या, त्याला पालथे घालून, मांडीवर उभे धरून, खांद्यावर फिरवून भोवतालच्या जगाची ओळख करून देणाऱ्या मोठ्या माणसाचा मोकळा वेळ हीसुद्धा त्या मुलाची अन्नाइतकीच निकडीची गरज आहे, हे मात्र कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. सहा-आठ आठवड्यांचे मूल चेहरा पाहून हसते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, सहाव्या-आठव्या महिन्यात बसू लागते. हे टप्पे नुसत्या कालगतीने येतात असे मानणे चुकीचे होय. प्रत्येक टप्प्याला समोरून कोणीतरी साद द्यावी लागते. सोलापुरात ही साद देण्याइतकी उसंत कोणाला आहे, हा माझा प्रश्न आहे.

शहराच्या पूर्व भागात, तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांच्या दाट वस्तीत, तसेच कुंभारीच्या वसाहतीत हजारो स्त्रिया विड्या वळतात. कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणावयाची, पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावयाचे, पत्र्याच्या मापाने कात्रीखाली कापावयाचे, आणि मग भिंतीला पाठ टेकून, मांडीवर सूप घेऊन, पानावर चिमूटभर तंबाखू पसरून, वळून, तोंड मुडपून, दोरा बांधावयाचा. मजुरी हजारावर ठरलेली असते आणि तपासणीत बाद झालेली विडी हिशेबात धरली जात नाही. सबब नजर बोटांवरून क्षणभरही ढळून चालत नाही. मूल तिथेच, हाताच्या अंतरावर, आढ्याला टांगलेल्या झोळीत असते. झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असते आणि मूल कुरकुरले की अंगठा हलतो. आई घरात आहे, मूल आईपाशी आहे, असे खानेसुमारीचा कारकून लिहील आणि ते खरेही असेल. परंतु मुलाची हक्काची मांडी सुपाने अडवली आहे, आईचा चेहरा खाली वळलेला आहे, पालथे पडून मान उचलण्याजोगी जमीन पानांनी व्यापली आहे, आणि ज्या हवेत ते श्वास घेते ती तंबाखूच्या धुळीने भरलेली आहे. या स्त्रीला वात्सल्याचा धडा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्या मायेत न्यून नाही. तिच्या दिवसात तास उरलेले नाहीत.

कायद्याने या बाईचा विचार केला नाही असेही म्हणता येत नाही. 1966 साली विडी व सिगार कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया काम करीत असतील अशा औद्योगिक जागेत पाळणाघर ठेवण्याची तरतूद होती. परंतु त्याच कायद्यात औद्योगिक जागेची व्याख्या करताना खासगी राहते घर वगळण्यात आले होते. म्हणजे स्त्री कारखान्यात बसून विडी वळील तर तिच्या मुलाला पाळणाघर, आणि तीच विडी तिने घरी वळली तर मुलाला काहीच नाही! विडीचे काम बहुतांशी घरातच चालत असल्यामुळे ही तरतूद ज्यांच्यासाठी होती त्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलीच नाही. अंगणवाडीचे म्हणाल, तर तिचा वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी भरतो. त्याखालच्या मुलांसाठी वजनकाटा आणि घरी न्यावयाचा शिधा. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने ज्या काळात होते, त्या काळाला आपण दिलेले हे वाटप आहे.

याच जिल्ह्याचा पूर्वेतिहास मात्र अभिमान वाटावा असा आहे. 1875 साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रय उभा केला, तेव्हा परक्याच्या तान्ह्या मुलाची जबाबदारी समाजाची आहे, हे तत्त्व लोकापवाद सोसून त्यांनी अंगीकारले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा घडवली आणि बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटवून दाखवले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या फेऱ्या घालतात, त्यांचे मूळ तिथे आहे. जीव वाचविण्याची विद्या आपण कमावली. दीड-दोन किलो वजनाची, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली, जन्मतः न रडलेली मुले आता काचेच्या पेटीतून सुखरूप घरी येतात. परंतु वाढीत मागे पडण्याचा धोका याच मुलांना सर्वांत अधिक असतो, आणि रुग्णालयातून सुट्टीचा कागद हाती पडल्यावर त्यांच्या विकासाकडे सातत्याने पाहणारा क्वचितच कोणी उरतो, ही या यशाची अपुरी बाजू आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या बाबतीत काळ अतिशय निष्ठुर असतो. अकाली जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासला नाही, तर वेळीच दिलेल्या लेसरने वाचू शकणारी दृष्टी कायमची जाऊ शकते. थायरॉइडची जन्मजात उणीव टाचेतल्या थेंबभर रक्ताने कळते आणि पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी वाचते. श्रवणदोष महिन्याच्या आत हेरावा, तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याची खात्री करावी आणि सहाव्याच्या आत उपचार सुरू व्हावा, हा आता सर्वमान्य शिरस्ता आहे. ही परीक्षा व्हावी म्हणूनच 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला; जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब हे चारही त्याच्या कक्षेत आहेत, आणि निदान झालेल्या मुलासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. योजना उत्तम आहे. परंतु मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात त्या मुलाला पंधरवड्यातून एकदा केंद्रात नेऊन भागत नाही. ते व्यायाम, ते धरणे-बसविणे, घास भरविण्याची ती विशिष्ट पद्धत दिवसातून अनेकदा, रोज, घरीच करावी लागते. करमाळ्याहून किंवा अक्कलकोटहून मूल काखेत घेऊन एसटीने सोलापूर गाठणाऱ्या मातेचा एक रोज बुडतो. आणि घरी परतल्यावर केंद्रात शिकलेले करावयाचे, तर सूप मांडीवरून खाली ठेवावे लागते.

सोलापूरपुरते एक आवर्जून सांगावयास हवे. इथे घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी, आणि बाहेर मराठी, अशी हजारो मुलांची स्थिती आहे. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नाही म्हणून आशाताई काळजीने म्हणते, ‘अक्का, एकदा कान तपासून आणा,’ तेव्हा आजी मध्येच सांगते, ‘दोन भाषा कानावर पडतात त्याच्या, म्हणून गोंधळतंय, याचा बापही उशिराच बोलला.’ दोन भाषांनी मूल मुके होत नाही. ते दोन्ही भाषांत मिळून शब्द जमवते. आणि ज्याला एकाही भाषेत शब्द फुटत नाही, हाक मारली तरी जे वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, त्याची तपासणी लांबणीवर टाकण्यास भाषेची सबब पुढे करू नये. या एका गैरसमजापायी कित्येक मुलांचे मोलाचे महिने वाया जातात, याचे मला मनापासून दुःख होते.

तेव्हा मागणी स्पष्ट करतो. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासूनच्या मुलांचे पाळणाघर चालविण्याची मुभा आहे. पूर्व भागातील आणि कुंभारीच्या वसाहतींतील अंगणवाड्यांना ही मंजुरी सर्वांत आधी मिळावी, कारण तिथे घर हाच कारखाना आहे. कुंभारीलाच गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली, आणि जानेवारी 2024 मध्ये तिथल्याच रे नगर वसाहतीत आणखी पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात आली. ज्या शहरातील श्रमिकांनी लढून एवढी घरे मिळवली, तिथे दर काही गल्ल्यांमागे तंबाखूच्या धुळीपासून मुक्त अशी एक स्वच्छ खोली, मुलांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलणारी एक शिकलेली बाई, आणि आठवड्यातून एक दिवस तिथेच येणारा फिजिओथेरपिस्ट, एवढी तजवीज अशक्य नाही. विशेष गरजा असलेली मुले याच खोलीत इतरांबरोबर असावीत. त्यांच्यासाठी वेगळे दालन मुक्रर करू नये.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. 1976 साली विड्यांवर उपकर बसवून कामगार कल्याणाचा निधी उभारण्यात आला होता. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला, पण विडीवरचा कर आजही वसूल होतोच. मुंबई विधिमंडळापुढे 1928 साली प्रसूतिलाभाचे विधेयक आले असता, मातेच्या विश्रांतीचा भार बव्हंशी सरकारनेच उचलावयास हवा, कारण लोकांच्या कल्याणाची जोपासना हे मूलतः सरकारचे काम आहे, असा अभिप्राय डॉ. आंबेडकरांनी दिला होता. विडीच्या करातील एक निश्चित हिस्सा विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी कायद्याने राखून ठेवावा. त्यातून पाळणाघर चालावे, आणि ज्या मातेला विशेष गरजा असलेले मूल घेऊन सोलापूरला जावे लागते तिला प्रवासखर्च व बुडालेला रोज, दोन्ही, केंद्रातून निघण्यापूर्वी त्याच दिवशी रोख मिळावेत.