धुराचा धनी कोण?

मुंबईत थंडी पडू लागली आणि समोरची इमारत धुरकट दिसू लागली, की एक जुना खेळ सुरू होतो. गाडीवाला बांधकामाकडे बोट दाखवतो, बांधकामवाला रस्त्यावरच्या धुळीकडे, अधिकारी वाऱ्याकडे, आणि आपण सारे मिळून कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे. वारा बोलत नाही आणि पाववाल्याचे कोणी ऐकत नाही. झाला निवाडा!

वाचकहो, हा अंदाजाचा विषयच नव्हे. गाळणकागदातून दिवसभर हवा ओढावी आणि कागदावर बसलेला मळ प्रयोगशाळेत तपासावा. माती सिलिकॉन व ॲल्युमिनियम ठेवून जाते. जळलेले लाकूड लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ मागे ठेवते. जड तेलाच्या धुरात व्हॅनेडियम व निकेल सापडतात. समुद्र आपले मीठ पाठवतो. एका ठशावरून कोणी चोर ठरत नाही; असे पुष्कळ कागद तपासून, गणित मांडून प्रत्येकाचा वाटा काढावा लागतो. शिवाय बराचसा मळ धूर म्हणून निघतच नाही. धुराड्यातून व गाडीतून वायू निघतो आणि वाटेत त्याचे कण बनतात. डोळ्यांना दिसणारा धूर हा म्हणूनच अर्धा पुरावा.

हे शास्त्र आपल्याकडे नाही असेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुंबई, पुणे, दिल्लीसह सहा शहरांत असा शोध घेतला. २०१०-११ च्या सुमारास त्याचे अहवालही निघाले. मुंबईचे काम 'नीरी'ने केले. त्या हिशेबात बेकरीची भट्टी आहेच. पण तिच्या शेजारी रस्त्यांची धूळ, वाहने, कारखाने, वीजकेंद्र आणि उघड्यावर जळणारा कचराही आहे.

आता पुढची गंमत पाहा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. योग्यच झाले, तो धूर आधी पाववाल्याच्याच छातीत जातो. पण त्याच महिन्यात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचे काय करावे, यासाठी सरकारने नेमली ती समिती! लहानाला मुदत आणि मोठ्याला समिती, हा कुठला न्याय? बांधकामांसाठी पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम केले: भोवती उंच पत्रे, पाण्याचे फवारे, राडारोड्याच्या ट्रकवर झाकण. आपल्या गल्लीत ते पाळले जातात का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, खिडकी पुरे.

आणि फराळाचे ताट पुढे घेऊन हे वाचणाऱ्या आपणा मंडळींचे काय? फटाक्यांचा ठसा तर सर्वांत सोपा. हिरवा रंग बेरियमचा, तांबडा स्ट्राँशियमचा. बेरियमच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बंदी घातली. पाडव्याच्या सकाळी तो गाळणकागद उघडला, तर त्यावर आपल्या घराची सही निघू नये, एवढी काळजी आपण घेतली आहे का?

आमचे म्हणणे एवढेच. प्रत्येक प्रभागाच्या हवेचा हा जमाखर्च दरवर्षी तपासावा, मराठीत छापावा आणि ज्याचा जेवढा वाटा, त्याला तेवढा जाब विचारावा. त्या यादीत पाववाल्याचे नाव असेल, मोटारवाल्याचे असेल, आपलेही असेल. सोयीचा गुन्हेगार पकडून हवा स्वच्छ होत नसते. आपली मने तेवढी स्वच्छ झाल्यासारखी वाटतात.